गायकाची वेगळी चूल

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा 'मिस्टर बॅड गाय' हा एकल अल्बम १९८५ च्या एप्रिलमध्ये बाजारात आला. त्याच्या वेष्टनावर आभाराची एक ओळ छापलेली आहे. ब्रायन, रॉजर आणि जॉन यांचे खास आभार, कशाबद्दल तर ढवळाढवळ न केल्याबद्दल. अल्बम अर्पण केला होता जेरी नावाच्या मांजराला. क्वीनमधले तीन सोबती आणि घरातलं मांजर, यांत फ्रेडीनं जास्त मान कुणाला दिला हे ज्यानं त्यानं ठरवावं. ती ओळ थट्टेची आहे हे मलाही कळतं. तरी ती मला वर्षानुवर्षं टोचत आली आहे, कारण त्या अल्बमचं जे बिनसलं ते नेमकं तिथंच बिनसलं असं माझं मत आहे. त्या तिघांनी ढवळायला हवं होतं.

पण त्याआधी एक आरोप निकालात काढू. जुन्या, नावाजलेल्या रॉक बँडचा गायक स्वतःच्या नावावर गाणी काढतो तेव्हा लोक गाणी कशी आहेत हे विचारतच नाहीत. विचारतात, भांडण झालं का? बँड फुटला का? एकत्र कुटुंबातल्या थोरल्यानं वेगळी चूल मांडली की भाऊबंद ज्या नजरेनं बघतात, त्याच नजरेनं चाहते गायकाकडे बघू लागतात. आणि त्या नजरेला खाद्य पुरवणारे पुष्कळ असतात.

क्वीनवरचा २०१८ चा चित्रपट आठवा. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आपल्याकडेही अनेकांनी डोळे पुसत पाहिला. त्यात फ्रेडी मोठ्या रकमेचा एकल करार करतो, बाकीचे हादरतात, बँड मोडतो. मग पश्चात्ताप, माफी, आणि 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या भव्य मैफलीच्या मंचावर भरतभेट. नाटक म्हणून बेतशीर आहे, पण घडलं तसं नाही. क्वीनमध्ये पहिला एकल अल्बम काढला तो ड्रमर रॉजर टेलरनं, १९८१ मध्ये. गिटारवादक ब्रायन मेनं १९८३ मध्ये बाहेरचे वादक गोळा करून वेगळं काम केलं. फ्रेडी तिसरा. 'मिस्टर बॅड गाय' आला त्या एप्रिलमध्ये क्वीन ऑस्ट्रेलियात कार्यक्रम करत होता, मे महिन्यात जपानमध्ये, आणि १३ जुलैला वेम्ब्लीत 'लाइव्ह एड'. इतक्या थोड्या दिवसांत हा बँड फुटला कधी आणि जुळला कधी? बरं, ड्रमरनं चार वर्षं आधी तेच केलं तेव्हा कुणी ऊर बडवला नव्हता. म्हणजे मंडळींचं दुखणं वेगळ्या चुलीचं नाही, ती चूल गायकानं मांडली याचं आहे. चेहरा तो, आवाज तो. तो दारातून बाहेर पडला की मागे घर उरतं का, ही खरी धास्ती.

ही धास्ती किती पोकळ ठरू शकते हे बघायचं तर ब्रूस डिकिन्सनकडे बघावं. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा हा गायक. मार्च २०२४ मध्ये त्याचा 'द मँड्रेक प्रोजेक्ट' आला तेव्हा तो ६५ वर्षांचा होता. आधीचा एकल अल्बम २००५ चा, म्हणजे मध्ये १९ वर्षांची खाडी, आणि त्या खाडीत घशाच्या कर्करोगाचं आजारपणही होऊन गेलेलं. अल्बम जाहीर झाला आणि आमच्या जुन्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला मेसेज आला, 'मग आता मेडनचं काय?' काहीही नाही. मेडन २०२५ मध्ये आपल्या पन्नाशीच्या दौऱ्यावर निघाला, गायक हाच.

या माणसाच्या वेगळ्या चुलीचा हिशेब मांडला तर घराला तोटा झालाय की फायदा, ते सरळ दिसतं. १९८९ मध्ये त्यानं एका भयपटासाठी स्वतःच्या नावावर 'ब्रिंग युअर डॉटर टू द स्लॉटर' हे गाणं केलं. त्या गाण्याला त्या वर्षी 'रॅझी' मिळालं, म्हणजे सगळ्यात वाईट गाण्याचं टवाळखोर पारितोषिक. पण मेडनचा संस्थापक आणि बासवादक स्टीव्ह हॅरिसला त्यात काहीतरी दिसलं. हे आपल्याला हवं, म्हणाला. बँडनं ते आपल्या पद्धतीनं पुन्हा वाजवलं, आणि जानेवारी १९९१ मध्ये तेच गाणं ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर बसलं. मेडनचं पहिल्या क्रमांकाचं ते एकमेव गाणं. त्याच सुमारास आलेल्या डिकिन्सनच्या पहिल्या एकल अल्बमवर गिटार वाजवली होती यानिक गर्सनं. पुढे मेडनमध्ये एका गिटारवादकाची जागा रिकामी झाली तेव्हा तिथं आला तोच, आणि अजूनही आहे. म्हणजे एका वेगळ्या चुलीवरून घराला एक गाणं मिळालं आणि एक माणूस मिळाला.

१९९३ मध्ये डिकिन्सननं मात्र खरोखरच बँड सोडला. जाण्याचं जाहीर करून मग निरोपाचा दौरा केला. असा दौरा कुणाला सुखाचा जात नाही, तसा तोही गेला नाही. पुढची पाच-सहा वर्षं त्यानं एकट्यानं काढली, आणि त्यातल्या १९९७ आणि १९९८ च्या अल्बमवर त्याच्या सोबतीला होता एड्रियन स्मिथ. १९९० मध्ये मेडन सोडून गेलेला गिटारवादक तो हाच. १९९९ मध्ये दोघं हातात हात घालून परतले. मेडनचा २००० नंतरचा जो दुसरा बहर आहे त्याची मशागत अशी बाहेरच्या शेतात झाली.

मुंबईकरांना तो बहर जवळून बघायला मिळाला. १ फेब्रुवारी २००८ ला मेडनच्या जगभ्रमणाची सुरुवातच वांद्रे-कुर्ला संकुलातून झाली. रंगवलेलं बोइंग ७५७, त्यात बँड, वाद्यं, कर्मचारी, आणि वैमानिकाच्या जागेवर गायक. त्या संध्याकाळी मैदानातल्या धुळीत उभ्या असलेल्या आम्हा लोकांना याचं कोण कौतुक! गातोही आणि विमानही चालवतो! हा गृहस्थ तलवारबाजी करतो, त्यानं कादंबऱ्या लिहिल्या, रेडिओवर कार्यक्रम केला. यातलं काहीही केलं की तो हरहुन्नरी ठरतो. वेगळ्या लोकांबरोबर गाणं केलं की मात्र गद्दार. गायकानं गाणं सोडून बाकी काहीही करावं, अशी ही निष्ठेची व्याख्या आहे.

आता दुसरी बाजू. चाहत्यांची कुरकुर पोकळ असते, सोबत्यांची तशी नसते. बँड म्हणजे चार-पाच माणसांचं पोट, शिवाय ध्वनी, प्रकाश, सामान सांभाळणाऱ्यांची घरं. गायक स्वतःच्या अल्बमात गुंतला की बाकीचे हात चोळत बसतात. रोलिंग स्टोन्स या बँडचा गायक मिक जॅगर, त्याचं उदाहरण इथं त्याच्या विरोधातच जातं. १९८३ मध्ये रोलिंग स्टोन्सनं सीबीएस कंपनीशी करार केला, आणि त्याच्या पोटातच जॅगरच्या एकल अल्बमांची सोय होती. स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सचं म्हणणं असं की हे त्याला मागाहून कळलं. १९८५ मध्ये 'शीज द बॉस' हा जॅगरचा एकल अल्बम आला. १९८६ च्या 'डर्टी वर्क' या स्टोन्सच्या अल्बमनंतर जॅगर दौऱ्याला तयार होईना, आणि १९८८ मध्ये जपान-ऑस्ट्रेलियात गेला तो स्वतःचा वेगळा ताफा घेऊन, स्टोन्सची गाणी गात. रिचर्ड्सनं या काळाला तिसरं महायुद्ध म्हटलं आहे. एरवी मी अशा रॉकवाल्यांच्या युद्धघोषणा मनावर घेत नाही, पण इथं तो चिडला त्यात चूक नव्हती. घरच्या कागदात आपलं पोटकलम घुसवायचं, कामाच्या वेळी हजर राहायचं नाही आणि घरचीच शिदोरी बाहेर जाऊन वाढायची, याला वेगळी चूल म्हणत नाहीत. डिकिन्सन सांगून गेला. जॅगरबद्दलची तक्रार तो गायला याची नाही, झाकपाक केली याची आहे. गंमत अशी की चिडलेल्या रिचर्ड्सनंही १९८८ मध्ये स्वतःचा एकल अल्बम काढलाच, आणि माझ्या कानाला तो जॅगरच्या तोवरच्या दोन्ही एकल अल्बमांपेक्षा सरस वाटतो.

पैशाचं बोलायचं तर बँडच्या आत काय चालतं हे बाहेरच्यांना क्वचित दिसतं. क्वीनचीच गोष्ट घ्या. १९७५ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची तबकडी निघाली. तिच्या मागच्या बाजूला रॉजर टेलरचं मोटारीवरच्या प्रेमाचं गाणं होतं. लोकांनी तबकडी घेतली ती पुढच्या बाजूसाठी. पण मानधनाच्या नियमाप्रमाणे गीतकार म्हणून टेलरच्या खात्यात तेवढेच पैसे गेले जेवढे फ्रेडीच्या. यावरून पुढे किती वर्षं धुसफूस चालली ते त्यांनीच नंतर सांगितलं आहे. शेवटी १९८९ च्या 'द मिरॅकल'पासून त्यांनी ठरवलं, गाणं कुणीही लिहो, खाली नाव 'क्वीन'. हे शहाणपण यायला जवळजवळ वीस वर्षं लागली. ज्या घरात प्रत्येक गाण्याच्या जागेसाठी अशी रस्सीखेच असते, तिथं उरलेल्या गाण्यांना बाहेर एक खोली मिळाली तर घरातली भांडणं कमीच होतात. मला तर वाटतं, १९८१ पासून सगळ्यांनी आपापल्या खोल्या काढल्या म्हणूनच क्वीन टिकला.

म्हणजे गायकानं वेगळं गावं, बिनदिक्कत गावं. माझी हरकत आहे ती पुढच्या पायरीवर. वेगळं गायला बसलेला मोठा गायक आपल्याभोवती कुणाला बसवतो?

'मिस्टर बॅड गाय' म्युनिकमध्ये झाला. वादक उत्तम होते. अल्बम मांजराला अर्पण आणि स्टुडिओत सगळी ताटाखालची मांजरं, असं म्हणून टाकायचा मोह होतो, पण तो त्या वादकांवर अन्याय होईल. त्यांना जे काम दिलं ते त्यांनी चोख केलं. अडचण हीच की त्यांना काम दिलेलं होतं. फ्रेडीला हवं तसं वाजवायचं आणि घरी जायचं. ब्रायन मेसारखं तोंड वाकडं करून 'हे कडवं नको' असं म्हणण्याचा हक्क त्यांच्यापैकी कुणाला नव्हता. अल्बम ऐकताना हे जाणवतं. आवाज अफाट आहे, तो फ्रेडीचा आवाज आहे, तो वाईट कसा असेल? पण खाली सिंथेसायझरचं गुळगुळीत अंथरूण आणि वर गाणारा एकटाच लोळतोय. ब्रिटनमध्ये अल्बम सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत पहिल्या शंभरातसुद्धा नाही.

हे माझं म्हणणं पडताळून बघायची सोय नियतीनं फार क्रूर पद्धतीनं करून ठेवली आहे. फ्रेडी नोव्हेंबर १९९१ मध्ये गेला. १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी 'मेड इन हेवन' हा अल्बम पुरा केला, आणि त्यासाठी 'मिस्टर बॅड गाय'मधली दोन गाणी घेतली. 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' आणि 'मेड इन हेवन'. आवाज तोच, १९८५ चा. भोवतालचं वादन पुसून त्यांनी आपलं वाजवलं. म्हणजे एकच गायक, एकच गायन, आणि भोवती एकदा भाड्याची माणसं, एकदा घरची. दोन्ही रूपं लागोपाठ ऐका. पहिल्यात गाणं नाचतं, छान नाचतं. दुसऱ्यात मेची गिटार त्या आवाजाच्या अंगावर येते, ड्रम त्याला ढकलतात, आणि आवाज कुणाशी तरी झुंजतोय असं वाटायला लागतं. खरं तर तो झुंजत नव्हता, गाणारा चार वर्षांपूर्वी गेला होता. ढवळाढवळ न केल्याबद्दल ज्यांचे आभार मानले होते, त्यांनी दहा वर्षांनी मनसोक्त ढवळून घेतलं. मला दुसरं रूप दहा पटीनं आवडतं. पहिलं आवडणारेही आहेत, आणि त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण त्यांनी एकदा हेडफोन लावून ऐकावं.

यावर कुणी म्हणेल, मग झालंच की, बँडशिवाय गायकाला गती नाही. तसंही नाही, आणि हे दाखवणाराही फ्रेडीच. १९८७-८८ मध्ये त्यानं स्पेनची ऑपेरा गायिका मोंसेरात काबाये हिच्याबरोबर 'बार्सिलोना' केलं. या कामात क्वीनमधल्या सोबत्यांचा वरचष्मा नव्हता, रॉक तर नावाला नव्हतं. तरी ते त्याच्या सर्वोत्तम कामांत मोजावं लागतं. का? समोर काबाये होती. जगातल्या मोठमोठ्या ऑपेरागृहांत तीस वर्षं गायलेली बाई. तिच्यासमोर फ्रेडी मर्क्युरी हा विद्यार्थी होता, बुजलेला आणि हरखलेला. तिच्या आवाजाच्या शेजारी आपला आवाज उभा करायचा तर लाड चालणार नव्हते. म्हणजे क्वीन नव्हता, पण धाक होता. १९९२ मध्ये बार्सिलोनात ऑलिंपिक भरलं तेव्हा ते गाणं पुन्हा गाजलं, ऐकायला तो नव्हता.

इथं पाचगणीची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. झांझिबारचा पारशी मुलगा फारुख बुलसारा आठेक वर्षांचा असताना तिथल्या सेंट पीटर्स शाळेत आला. 'फ्रेडी' हे नाव त्याला तिथंच चिकटलं. शाळेत 'द हेक्टिक्स' नावाचा पोरांचा बँड होता, आणि त्यात हा पियानोवर असे. मुख्य गायक दुसराच मुलगा. पुढे ज्याच्या गळ्यावर जग लोळण घेणार होतं त्यानं वाजवायची सुरुवात दुसऱ्याच्या मागे बसून केली. पाचगणीत फ्रेडीचं नाव घेणारे शाळेचं फाटक, डोंगर, स्ट्रॉबेरी सगळं दाखवतात. कोपऱ्यातला पियानो सहसा कुणी सांगत नाही.

गायकाला सोबती लागतात, ही गोष्ट डिकिन्सनला उमगली असावी. १९९६ मध्ये त्यानं 'स्कंकवर्क्स' नावाचा बँड उभा केला, आणि त्याची इच्छा होती की अल्बमवर आपलं नाव नसावंच, फक्त बँडचं असावं. कंपनीनं ते होऊ दिलं नाही. नाव विकतं, बाकीचं कोण विचारतो! अल्बम त्याच्या नावानं आला आणि तो बँड टिकला नाही. एकट्या गायकाला एकटं ठेवण्यात बाजाराचा हात किती असतो त्याचं हे उदाहरण. गायकाला सोबती हवे होते, कंपनीला चेहरा हवा होता. त्यानंतरच्या कामात त्यानं रॉय झी या गिटारवादक-निर्मात्याला धरून ठेवलं, १९९७ पासून थेट २०२४ पर्यंत. गाणी दोघं मिळून रचतात. म्हणजे नाव एकाचं असलं तरी समोर नाही म्हणणारं एक माणूस त्यानं स्वतःहून बसवून घेतलं आहे.

नावाचं बोलतोय तर पिंक फ्लॉइड या बँडचं प्रकरणही ओझरतं. त्यांचा बासवादक आणि गायक रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडला, नावासाठी कोर्टात गेला, आणि १९८७ मध्ये तो आणि उरलेला बँड वेगवेगळे दौरे करत एकाच वेळी अमेरिका फिरत होते. गर्दी कुणाकडे जास्त होती? ज्यांच्याकडे नाव होतं त्यांच्याकडे. इतकी वर्षं बहुतेक शब्द लिहिलेल्या माणसाला सभागृहं भरताना घाम फुटत होता. तेव्हा गायक बँडचं नाव खाऊन जगतो हा आरोपही जपून करावा. बरेचदा नाव गायकाला खातं.

आपण ऐकणाऱ्यांनी हे निष्ठेचे तराजू आता माळ्यावर टाकावेत, एवढंच मला म्हणायचंय. साठी-सत्तरीचा गायक नवं काही करू बघतोय, तर त्याला भांडणाचं कारण विचारू नका, सोबत कोण आहे ते विचारा. आणि मैदानात उभं राहून 'जुनं म्हण, जुनं म्हण' असं ओरडणं थोडं आवरा. मीही ओरडलो आहे, २००८ ला, घसा बसेपर्यंत.

'द मँड्रेक प्रोजेक्ट'वर एक गाणं आहे, 'इटर्निटी हॅज फेल्ड'. डिकिन्सननं ते कित्येक वर्षांपूर्वी स्वतःच्याच अल्बमसाठी रचलं होतं. स्टीव्ह हॅरिसनं ऐकलं आणि पुन्हा एकदा म्हणाला, हे आपल्याला हवं. २०१५ मध्ये ते मेडनच्या 'द बुक ऑफ सोल्स'चं पहिलं गाणं झालं, 'इफ इटर्निटी शुड फेल' या नावानं, आठ मिनिटांहून लांब. नऊ वर्षांनी मालकानं ते परत घरी आणलं, नाव जरा बदललं, थोडं आखूडही केलं. आमच्या ग्रुपवर तीन दिवस वाद चालला की अस्सल कोणतं. मी मेडनच्या बाजूनं भांडलो. चौथ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना लक्षात आलं की गुणगुणतोय ते दुसरंच.